चाल कल्याणची, शब्द ठाण्याचे

महिपतरावांचे मत असे, की गाण्यात शब्द हाच नवरदेव. चाल म्हणजे त्याला मिरवून आणणारी घोडी. पंढरीनाथांचे मत असे, की घोडी नसेल तर नवरदेवाकडे कुत्रेसुद्धा बघत नाही. ठाण्यात मासुंद्याच्या तळ्याकाठी दोघांची घरे भिंतीला भिंत लागून होती आणि कचेरी सुटल्यावर पंढरीनाथांच्या ओटीवर हा वाद अकरा वर्षे चालू होता. मध्यंतरी राणीसरकारच्या राज्याला पन्नास वर्षे झाली, तळ्याकाठी रोषणाई झाली, तेवढी एक संध्याकाळ वाद बंद ठेवण्यात आला होता.

दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते, हेच दुर्दैव. महिपतराव कलेक्टर कचेरीत नकलनवीस होते. बावीस वर्षे दुसऱ्यांनी लिहिलेले अर्ज, हुकूम आणि कैफियती त्यांनी उतरून काढल्या होत्या. कधी काना-मात्रा इकडची तिकडे झाली नव्हती. पण एवढ्या वर्षांत स्वतःची म्हणावी अशी एक ओळ त्यांच्या हातून कागदावर उतरली नव्हती. कान म्हणाल तर असा, की आरती चालली आहे की भूपाळी हे ते घड्याळात पाहून ठरवीत. उलट पंढरीनाथांकडे बाजाची पेटी होती आणि एकदा ऐकलेली चाल ते जन्मात विसरत नसत. शब्द मात्र त्यांच्या कानात शिरतच नसत. देवापुढेही त्यांचे ‘ना ना ना’ चाले, आणि देवाने आजवर हरकत घेतलेली नाही, असा ते दाखला देत.

हा वाद ओटीवर राहिला असता तर कोणाचेच काही बिघडले नसते. पण ज्युबिलीच्या पुढल्या वर्षी महिपतरावांच्या मालनचे लग्न कल्याणच्या भाऊसाहेबांच्या मुलाशी ठरले. मालन ही एकुलती एक. नवरदेवाच्या आई सखुबाई करारी आणि मोजके बोलणाऱ्या. मुलगी पाहायला आल्या तेव्हा एकूण तीन वाक्ये बोलल्या होत्या आणि त्यांतले एक ‘पाणी नको’ हे होते. पहिल्या दिवशी सासूच्या मनात जे बसेल त्यावर पोरीचे दिवस जायचे, हे महिपतरावांना कचेरीतल्या घरगुती तंट्यांच्या कैफियती उतरून उतरून पुरते ठाऊक झाले होते. तेव्हा त्यांनी ठरवले, की विहीणबाईंच्या पंगतीचे पद आपण स्वतः रचायचे.

लग्न लागल्यावर विहिणीला पाटावर बसवतात, भोवती रांगोळी काढतात, शेजारून मागून आणलेले चांदीचे ताट मांडतात आणि मुलीकडच्या बायका गाणी म्हणतात. त्या गाण्यांत अर्धी स्तुती आणि अर्धे चिमटे असायचे, आणि चिमट्यांनाच जास्त हशा पिकायचा. महिपतरावांना चिमटे नामंजूर होते. त्यांच्या पदात नऊ कडवी होती आणि नऊच्या नऊ स्तुतीची होती.

"नऊ?" मालनच्या आई गोदाबाई म्हणाल्या. "तोवर विहीणबाईंचा भात निवेल की."

"भात पुन्हा वाढता येतो. शब्द कायमचे राहतात," महिपतराव म्हणाले.

गाण्याची मुखत्यारी आळीतल्या शेवंतीकाकूंकडे होती. त्यांना लिहितावाचता येत नव्हते, पण आळीतले एकही लग्न त्यांच्या आवाजावाचून लागलेले नव्हते. महिपतरावांनी पद वाचून दाखवले. तिसऱ्या कडव्यात ‘सौजन्यसिंधुलहरी’ आले, तेव्हा काकूंनी हात वर केला.

"भाऊजी, हे मी एकवेळ गिळीन. गाता यायचं नाही."

"का बरं?"

"श्वास कुठे घ्यायचा त्यात?"

मग सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. समोरच्या वैद्यांनी सुचवले, की विहिणीच्या प्रकृतीची विचारपूस एका कडव्यात असावी आणि ओघात त्यांच्या काढ्याचे नाव यावे. कोपऱ्यावरच्या निवृत्त हवालदारांना राणीसरकारचे एक कडवे हवे होते. महिपतरावांनी सगळ्यांचे ऐकून घेतले, कुणाचेही घेतले नाही, आणि त्यामुळे लग्नाआधीच निम्मी आळी नाराज झाली. राहता राहिली चाल. ती अर्थातच पंढरीनाथांनी द्यायची होती.

पंढरीनाथ याच सुमारास काही कामानिमित्त कल्याणला गेले होते. तिथे बंदराजवळच्या आळीत बायका भात कांडीत होत्या आणि कांडताना काहीतरी म्हणत होत्या. चाल अशी झकास, की पंढरीनाथ तिथेच एका पायरीवर बसले. येताना चाल सांडू नये म्हणून वाटेत ते कोणाशी एक अक्षर बोलले नाहीत. घरी येऊन पेटी उघडली आणि भिंतीवर थाप मारून महिपतरावांना बोलावले.

"ऐका. खास कल्याणकडची. विहीणबाईंना आपल्याच गावी असल्यासारखं वाटेल."

"शब्द काय आहेत हिचे?"

"शब्दांशी मला काय कर्तव्य? ओळीच्या शेवटी ‘तो’ पाहिजे आणि पहिले बोल दोनदा आले पाहिजेत, एवढं सांगतो."

महिपतरावांना चालीतले ओ की ठो कळले नाही, पण ‘तो’ कळला. आठवडाभर खपून त्यांनी ध्रुवपद बसवले:

स्नेह झरतो गं, स्नेह झरतो
मांडव मोदे तुडुंब भरतो

‘सौजन्यसिंधुलहरी’ सातव्या कडव्यात हलवण्यात आली. शेवंतीकाकूंनी चाल एका दमात उचलली. सारे सुरळीत चालले होते, आणि एवढ्यावर थांबते तर ते महिपतराव कसले? त्यांच्या डोक्यात आले, की पद छापून घ्यावे. गुलाबी कागद, भोवती वेलबुट्टी, शंभर प्रती, आणि खाली बारीक टाइपात ‘महिपतरावकृत’.

सरकारी नोकराने काही छापायचे तर परवानगी हवी. महिपतरावांनी अर्ज लिहिला, सोबत पदाच्या तीन नकला जोडल्या आणि शिरस्तेदारांपुढे ठेवला. आठ दिवसांनी अर्ज शेऱ्यासह परत आला. ‘विहीण’ ही बाब कोणत्या खात्याकडे येते? ‘मांडव तुडुंब भरतो’ म्हणजे जमाव नेमका किती? महिपतरावांनी खुलासा केला, की हा शब्द अलंकारिक आहे. त्यावर विचारणा झाली, की अलंकार किती आणि कोणाच्या नावावर आहेत? तीन आठवड्यांनी मंजुरी आली: ‘हरकत नाही. पद कचेरीच्या वेळेत म्हणू नये.’ आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या शब्दांवर सरकारी शिक्का उमटलेला पाहून महिपतरावांना भरून आले.

छापखानेवाल्याने एकच शंका काढली. पदावर ‘चाल’ लिहायची पद्धत होती, म्हणजे वाचणाऱ्याला सूर कळावा. कोणत्या गाण्याची चाल म्हणून टाकू? पंढरीनाथांना गाण्याचे पहिले दोन शब्दही सांगता येईनात. शेवटी वर ठळक अक्षरांत छापले: ‘चाल — कल्याणकडील प्रसिद्ध’.

वैशाखात लग्न लागले. वऱ्हाड खाडीतून मचव्याने आले होते, कारण सखुबाई आगगाडीत बसत नसत. दुपारी विहीणबाईंची पंगत मांडली गेली. कल्याणच्या पंचवीस बायका ओळीने बसल्या आणि मधोमध पैठणी नेसून, कुणाकडे न बघता, सखुबाई. बाहेर ओसरीवर पुरुषमंडळींना गुलाबी कागद वाटण्यात आले. महिपतराव दाराआड उभे राहिले. आत पंढरीनाथांची पेटी सुरू झाली.

पेटीवर पहिली ओळ वाजली आणि कल्याणच्या बायकांचे हात ताटातच थबकले. एकीने दुसरीकडे पाहिले, दुसरीने पदर तोंडाला लावला. शेवंतीकाकूंनी खणखणीत आवाजात ‘स्नेह झरतो गं’ उचलले. मागच्या रांगेतली एक तरुण सून फस्सकन हसली. काकूंना वाटले रंग भरला. त्यांनी आवाज चढवला. ‘तुडुंब भरतो’ला ओळीतल्या निम्म्या बायका हसत होत्या आणि निम्म्या खाली मान घालून बसल्या होत्या.

सखुबाईंनी ताटाभोवती पाणी फिरवले, पाटावरून उठल्या, आणि शांतपणे चालत जानवसघरी निघून गेल्या.

विहीण पानावरून उठली! वाढणाऱ्या बायका हातातली भांडी तशीच धरून उभ्या राहिल्या आणि चुलीवरची आमटी उतू गेली. थोड्या वेळाने व्याही भाऊसाहेब आले. भला माणूस, पण घरात त्यांचा हुकूम सुपारीच्या डब्यापलीकडे चालत नसे. ते म्हणाले, "तिचं म्हणणं, भरतीला आम्ही निघतो. मुलगी इथेच असू दे. मागाहून बघू."

‘मागाहून बघू’ म्हणजे काय, हे मांडवातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होते. मालन आतल्या खोलीत हळदीच्या हातांनी तोंड झाकून बसली. गोदाबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या.

"काय झालं? माझ्या शब्दांत काय वावगं आहे?" महिपतराव पुन्हा पुन्हा कागद वाचत होते. "सरकारनं तपासलेत ते!"

इतक्यात मचव्याचा तांडेल भिवा मांडवाशी आला. "रावसाब, सामान कनचा जावाचा त्यो सांगा. पाच वाजता भरती लागंल, मंग मी थांबाचा नाय." एवढे बोलून तो थांबला आणि हसला. "आन् आतमंदी हंड्याचा गाना कोन म्हनत व्हता?"

"हंड्याचं?"

"मंग? कल्यानच्या बंदरावं बारक्या पोरांना पन येतंय." आणि भिवाने मोकळ्या गळ्याने सुरू केले:

हंडा गळतो गं, हंडा गळतो
बाप नवरीचा मागं पळतो

सूर तोच. महिपतरावांसारख्या माणसालाही कळला. ‘झरतो’ काय, ‘तुडुंब’ काय. पाण्याचे सगळे शब्द त्यांनी स्वतः निवडून, शिक्का मारून, गुलाबी कागदावर छापून घेतले होते. वर लिहिले होते ‘कल्याणकडील प्रसिद्ध’.

"पंढरीनाथ, गाणं ऐकताना निदान एक शब्द तरी ऐकायचा होता!"

"आणि तुम्हाला चार वेळा वाजवून दाखवली, तेव्हा तिच्यात खट्याळपणा आहे हे तुमच्या कानाला कळलं नाही?"

"खट्याळपणा शब्दात असतो."

"तुमच्या शब्दात कुठे होता? तरी हसल्याच ना बायका? म्हणजे चाल मोठी की नाही?"

अकरा वर्षांच्या वादाचा निकाल तिथेच लागायचा, पण गोदाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. नवऱ्याशी चारचौघांत त्या कधी बोलत नसत. "पोर आत रडतेय," त्या म्हणाल्या. "इकडून आता जानवसघरी जाणं व्हायचं, की निकाल लागल्यावर?"

महिपतराव गेले. पागोटे वाकडे झाले होते, तेही ध्यानात आले नाही. पंढरीनाथ मागोमाग गेले, पण दहा हात अंतर राखून. जानवसघराच्या ओसरीवर भाऊसाहेब सुपारी कातरत होते. सखुबाई आतल्या दाराआड बसल्या होत्या. दिसत होता तो फक्त पैठणीचा काठ.

"विहीणबाई, घात चालीनं केला," महिपतराव दाराला उद्देशून म्हणाले. "शब्द केवळ आदराचे आहेत. आपण शब्द ऐकावेत." आणि त्यांनी कागद धरून, कचेरीत कैफियत वाचतात त्या आवाजात, पद वाचायला घेतले. पहिल्याच ओळीला त्यांना कळले, की आपण काय वाचत आहोत. ‘मांडव मोदे’पर्यंत ते कसेबसे आले. ‘तुडुंब’ त्यांनी गाळले. बावीस वर्षांत नक्कल करताना गाळलेला तो पहिला शब्द.

पैठणीचा काठ हलला. मग सखुबाई बोलू लागल्या. त्या एवढे बोलू शकतात, हे भाऊसाहेबांनाही नवीन असावे. त्यांचा अडकित्ता थांबला.

"माझं माहेर भिवंडीचं. वडिलांनी रुखवतात हंडा दिला. तांबटानं फसवलं त्यांना. पहिल्याच दिवशी माजघरभर पाणी झालं. भिवंडीला निरोप गेला, सासूबाईंनी चार शब्द जास्तच घालून धाडला. वडील नवा हंडा डोक्यावर घेऊन निघाले. वैशाखातली दुपार, पायात वहाण नाही. लोकांनी पाहिलं ते एवढंच, की नवरीचा बाप हंडा घेऊन बाजारातनं पळतोय. संध्याकाळपर्यंत गाणं झालं होतं."

महिपतरावांनी कागदाची घडी घातली.

"दारात हंडा ठेवून ते परत फिरले. लेकीच्या घरचं पाणी चालत नाही ना बापाला. तहानेले तसेच गेले. पुढच्या चैत्रात वारले. तीस वर्षं झाली. मंगळागौर असो, बारसं असो, ही चाल निघाली की मी उठून स्वयंपाकघरात जाते."

महिपतरावांना काहीतरी बोलायचे होते. ‘सौजन्यसिंधुलहरी’सारखा शब्द ज्याला सुचला, त्याला काहीतरी सुचायला हवे होते. त्यांना दिसत होता तो फक्त एक थकलेला माणूस, भर उन्हात, डोक्यावर हंडा.

"मीही पळालो असतो," ते म्हणाले. "मालनसाठी मीही तसाच पळालो असतो, विहीणबाई." एवढे बोलून त्यांना रडू आले. भाऊसाहेबांनी सुपारीचा डबा पुढे केला.

"हे कागद मी सगळे जाळून टाकतो," महिपतराव म्हणाले. "शंभरच्या शंभर. पद पुन्हा कोणी म्हणणार नाही."

"पद जळेल. चाल कशी जाळाल?" सखुबाई आता उंबऱ्याशी आल्या होत्या. "माझ्या तीस वर्षांत ती कल्याणातून गेली नाही. उद्या बायका तिच्यावर ठाण्याच्या नवरीचं नवं कडवं जोडतील. मालनला ती जन्मभर ऐकावी लागणार. ती काय ऐकेल, ते तुम्ही लिहा. शब्दांचे एवढे जाणकार आहात ना? चाल हीच. नऊ कडवी नकोत. दोन ओळी."

दौत-टाक आले. गुलाबी कागदाची पाठ कोरी होती. नऊ कडव्यांना आठवडे लागले होते; या दोन ओळींना सुपारीचे एक खांड कातरण्याइतका वेळ लागला. महिपतरावांनी त्या लिहिल्या आणि कागद उंबऱ्यावर ठेवला. सखुबाईंना वाचता येत नव्हते. तेव्हा महिपतरावांनीच वाचून दाखवल्या, साध्या आवाजात:

बाप धावतो गं, बाप धावतो
लेकीसाठी ऊन झेलतो

सखुबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि तो बराच वेळ काढला नाही.

अंगणात उभे असलेले पंढरीनाथ सवयीने ‘ना ना ना’ करून ओळी चालीवर बसवून पाहत होते. मध्येच ते थांबले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी विचारले, "महिपतराव, शब्द काय आहेत म्हणालात?" महिपतरावांनी पुन्हा सांगितले. पंढरीनाथ उपरण्याने नाक पुसत मांडवात पेटी उघडायला गेले.

पुढचा तास मोठा कठीण गेला. कल्याणच्या पंचवीस जणींना ओळी शिकवायच्या होत्या आणि सगळ्यांच्या जिभेला तीस वर्षांची सवय. शेवंतीकाकू सांगायच्या ‘बाप धावतो’, आणि दोघीतिघींच्या तोंडून हटकून ‘हंडा’ निघायचा. मग त्या जीभ चावून सखुबाईंकडे बघायच्या. सखुबाई मांडवात परत येऊन पाटावर बसल्या होत्या. भात खरेच निवला होता, तरी त्यांनी दोनदा मागून घेतला. शेवटी सगळ्यांत थोरली बाई, जी या गाण्यावर सगळ्यांत जास्त हसत आली असेल, ती पुढे झाली आणि मान खाली घालून एकटीने दोन्ही ओळी बरोबर म्हणाली. मग बाकीच्यांना जमले.

"सूनबाईला तयार करा," सखुबाई हात धुताना म्हणाल्या. "भरती थांबायची नाही."

पाच वाजता सगळी आळी बंदरावर होती. मालन रडत मचव्यात चढली, तेव्हा सखुबाईंनी तिला ओढून स्वतःशेजारी बसवले आणि आपल्या शालीचे टोक तिच्या खांद्यावर टाकले. गोदाबाईंनी ते पाहिले आणि इतका वेळ आवरलेले रडू मोकळे केले. भिवाने मचवा लोटला. पाणी कल्याणच्या दिशेने चढू लागले होते. बायकांनी गाणे धरले.

प्रथम शब्द अन् शब्द स्वच्छ येत होता. महिपतराव बंदराच्या टोकाला उभे राहून ऐकत होते. मग वारा आडवा आला, मचवा वळणाकडे निघाला, आणि पाण्यावरून येऊ लागला तो नुसता सूर. त्या बायका आता ‘बाप’ म्हणत होत्या की ‘हंडा’, हे इथून कोणाला सांगता आले नसते.

पंढरीनाथ डोळे मिटून मान डोलावत होते. त्यांनी डोळे उघडले तेव्हा शेजारी कोणी नव्हते. महिपतराव बंदरावरून खाली उतरून मिठागराच्या बांधाला लागले होते.

"अहो, कुठे निघालात?" पंढरीनाथ ओरडले.

"शब्द ऐकू येईनासे झालेत," महिपतराव म्हणाले, आणि एका हाताने पागोटे, दुसऱ्या हाताने धोतराचा सोगा धरून, वैशाखाच्या उन्हात मचव्याच्या मागे बांधावरून पळत सुटले.